फळा पुसल्यावर

४ मार्च, सोमवार

आज धक्क्यावरचा फळा खाली उतरला. सव्वीस वर्षं त्यावर नोंग बेर्तिंग खडूने आसनक्रमांक आणि नावं लिहीत होता. सिकिहोर बेटाची लाँच सुटायच्या आधी तो त्याची कागदावर प्रत उतरवून बंदर चौकीला द्यायचा आणि लाँचने पाठ फिरवली की पुढच्या फेरीसाठी फळा पुसायचा. धक्क्यावर सगळेच त्याला नोंग म्हणतात, थोरल्या भावाला म्हणतात तसं. आता फळ्याच्या जागी माझा प्रोग्राम आला आहे. चार महिने खपले त्याच्यासाठी, तेव्हा थोडी फुशारकी मारायला हरकत नाही. निदान इथे, जिथे कुणी वाचत नाही.

प्रवाशांची यादी एका डिक्शनरीत ठेवली आहे. आसनक्रमांक विचारला की ती नाव सांगते. तिकिटाच्या खिडकीवर नावं भरता आणि काढता येतात. बंदर चौकीला मात्र ती नुसती दिसली पाहिजे, कुणी हात लावता कामा नये. त्यासाठी प्रोग्रामच्या भाषेतच 'दर्शन' नावाची तयार सोय निघाली, एका ओळीत काम झालं. भाषेच्या माहितीपानावर पहिलंच वाक्य होतं: 'हे दर्शन फक्त वाचण्यासाठी आहे, यातून मूळ डिक्शनरीत बदल करता येत नाही.' इतकं स्वच्छ वाक्य बऱ्याच दिवसांनी वाचलं. समाधान वाटलं आणि मी पान बंद केलं. लाँच सुटताना आता पडद्यावर हिरवी पट्टी येते, 'प्रत चौकीला दिली'.

फळा नोंग बेर्तिंग घरी घेऊन गेला. डुकरांच्या खोपटाला दार करणार म्हणे.

७ मार्च, गुरुवार

काल राखेचा बुधवार होता, चर्चमध्ये कपाळाला राख लावून घ्यायचा. आज सगळ्यांची कपाळं धुऊन झाली आणि माणसं पुन्हा पापं करायला मोकळी झाली, असं आई म्हणते.

मॅडम देल्फिना खूश आहेत. लाँच त्यांच्या वडिलांची, त्यामुळे त्या खूश म्हणजे सगळेच खूश. साडेनऊला नोंग बेर्तिंग चौकीतून कॉफी पिऊन आला आणि माझ्या टेबलाशी घुटमळला. मला तो इंदाय म्हणतो, धाकटीला म्हणतात तसं.

"इंदाय, एक विचारू? हसणार नसशील तर."

"विचारा की, नोंग."

"आपली खिडकीवरची पोरगी इथे नावं काढत होती ना आत्ता, पुढच्या फेरीसाठी? ती नावं तिकडे चौकीच्या पडद्यावरूनही जात होती. माझ्या डोळ्यांदेखत गेली. असंच असायचं का?"

"नोंग, तिकडून त्या यादीला कुणी बोटसुद्धा लावू शकत नाही. फक्त वाचायची आहे ती."

"तिकडून नाही गं म्हणत मी. इथून म्हणतोय."

"काही काळजी करू नका. पक्कं केलंय मी."

"बरं. तू म्हणतेस म्हणजे असेल."

सव्वीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाला पडद्यावर भुतं दिसणारच. घरी आईला त्याची नक्कल करून दाखवली आणि हसले. आईसुद्धा हसली, पण जरा कमी.

१७ मार्च, रविवार

कालचं आज लिहिते आहे.

सकाळी आठ दहाला लाँच सुटली. अठ्ठावन्न माणसं. अर्ध्या वाटेत इंजिनाचा दांडा तुटला, रेडिओही बोलेना. एका मच्छीमाराने किनाऱ्यावर येऊन सांगितलं, तेव्हा साडेदहा झाले होते. चौकीतल्या अधिकाऱ्याने यादी उघडली. यादीत एकोणीस नावं.

त्याने एकोणीस माणसांपुरती बोट पाठवली. वर नातेवाइकांना कळवायला म्हणून ती नावं कर्ण्यावरून पुकारली, तर त्यांतले बरेचसे धक्क्यावरच नारळपाणी पीत उभे. ती एकच्या फेरीची माणसं होती. "मी बुडालोय का?" असं एक जण विचारत होता. आधी लोक हसले, मग कुणीच हसेना.

धक्क्यावरची खानावळवाली नांग इसिंग धावत आली होती; नांग म्हणजे थोरली बहीण, तिलाही सगळे तसंच म्हणतात. तिची मुलगी चारिस सकाळच्या लाँचने गेलेली. तिला सांगितलं गेलं, नाव यादीत नाही, म्हणजे मुलगी चढलीच नाही. बाई आधी मुलीच्या वसतिगृहावर गेली, मग मैत्रिणीकडे आणि मग दवाखान्यात. तीन तास ती गावभर मुलीला शोधत होती आणि मुलगी समुद्रात होती.

एकोणीस जणांची बोट अठ्ठावन्न जणांपाशी पोचली. उरलेल्यांना मच्छीमारांनी आपापल्या होड्यांत घेतलं. समुद्र शांत होता म्हणून भागलं. पावणेदोनपर्यंत सगळे धक्क्याला लागले, एकालाही खरचटलं नाही. नांग इसिंगने मुलीला आधी एक थोबाडीत दिली आणि मग तिथेच बसवून भात भरवला.

१८ मार्च, सोमवार

मॅडमनी प्रोग्रामची नोंदवही काढायला लावली. नोंद साफ आहे: आठ सव्वीस ते आठ एकतीस, सगळी नावं काढली, काढणारा बेर्तिंग.

"लाँच समुद्रात असताना नावं पुसलीत?" मॅडम म्हणाल्या.

"पुढच्या फेरीसाठी फळा पुसला, मॅडम. प्रत दिली, असं पडद्यावर आलं होतं."

"प्रत दिली होती तर चौकीतल्या प्रतीतून नावं कशी गेली? तुम्हीच काहीतरी भलतं दाबलंत."

नोंगने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. वयामुळे गांगरला असेल.

त्याला घरी बसवलं आहे. बारा एप्रिलला चौकशी. दोन वर्षांनी पेन्शन लागायची होती, आता काढलं तर तीही जाणार.

१९ मार्च, मंगळवार

सापडलं. आणि सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचाच संताप आहे.

मी चौकीला जी दिली ती यादीची प्रत नव्हतीच. ती नुसती खिडकी होती. खिडकीतून आत हात घालता येत नाही हे खरं, पण आतल्या खोलीत कुणी सामान हलवलं तर ते बाहेरून हललेलंच दिसणार. नोंगने इकडे नावं काढली, तिकडे गेली. मी 'प्रत काढ' अशी एक आज्ञा घातली आणि दुरुस्ती झाली.

मग ते माहितीपान पुन्हा उघडलं. पहिलं वाक्य तेच, 'फक्त वाचण्यासाठी'. कुठल्याही शहाण्या माणसाला यावरून वाटेल की यादी गोठली. खाली भलामोठा तक्ता आणि तक्त्याच्याही खाली, तळाशी, एक ओळ: 'हे दर्शन गतिमान असते.' गतिमान! आमच्या शेजाऱ्याचा कोंबडाही गतिमान आहे. यातून कुणाला काय कळणार?

म्हणजे चूक नोंगची नाही आणि माझीही नाही, पानाची आहे. भाषा सांभाळणाऱ्या मंडळींना लिहिते. पान दिशाभूल करतं हे त्यांनी मान्य केलं की तो कागद चौकशीपुढे ठेवीन. तोवर मॅडमना अर्धवट काही सांगण्यात अर्थ नाही.

२२ मार्च, शुक्रवार

माहितीपानात घालायचं वाक्य तयार झालं. सात वेळा खोडलं. पहिल्या वाक्याला जोडून हे यावं: 'मात्र मूळ डिक्शनरी बदलली, तर तो बदल या दर्शनातही लगेच दिसतो. न बदलणारी यादी हवी असेल तर प्रत काढा.' सोबत चार ओळींचं उदाहरण.

त्यांच्या अर्जात एक रकाना सक्तीचा आहे: 'कोणता वाचक, कुठे अडखळला?' मी लिहिलं, 'माझ्या ओळखीच्या एका प्रोग्रामरचा गैरसमज झाला.' पाठवून दिलं.

२५ मार्च, सोमवार

उत्तर आलं. ही पानं साओवालाक नावाची बाई सांभाळते. चियांगमाईला शाळेत गणित शिकवते आणि उरल्या वेळात हे फुकटचं काम करते. माझ्या अर्जाखाली तिच्या आधी कुणीतरी टोमणा मारून गेला होता: 'खाली लिहिलेलं आहेच. वाचायला काय जातं?' तिने त्याला हलकेच बाजूला सारलं आणि मला लिहिलं:

'ताई, वाक्य चांगलं आहे. एकच विचारते. तुमच्या ओळखीच्या प्रोग्रामरने पान कुठपर्यंत वाचलं? पहिल्या वाक्यावर थांबले, की खालपर्यंत वाचून गोंधळले? वर्गात मी असंच विचारते. दोन्ही दुखण्यांना औषध वेगळं लागतं.'

बाई गोड आहे, पण हा काय उलटतपास? चूक पानाची आहे, त्यात वाचणाऱ्याची चौकशी कशाला? उद्या उत्तर देईन.

२९ मार्च, शुक्रवार

अजून उत्तर दिलेलं नाही.

आज नोंग बेर्तिंगकडे गेले. फळा खरोखरच डुकरांच्या खोपटाला लागला आहे. त्यावर शेवटच्या फेरीची नावं अजून पुसट दिसतात. त्याने कोकोची सिक्वाते उकळली, घट्ट आणि कडू, मला आवडते तशी. मी म्हटलं, काळजी करू नका, चूक माहितीपानाची आहे, बाहेरदेशीच्या माणसांकडून लिहून आणतेय.

त्याने कप खाली ठेवला. "पानाला कामावरून काढता येतं का, इंदाय?"

"नाही."

"मग बरंय त्याचं."

त्याची बायको, नांग कार्मेन, आत भांडी आपटत होती. एकदम दारात येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही हिला तेव्हाच सांगितलं नव्हतं का, की—"

"कार्मेन, भात लागतोय बघ."

ती आत गेली. मला घरी न्यायला नोंगने पानाच्या गुंडाळीतला चिकट भात बांधून दिला. "मुलं कशी आहेत? दोघांच्या फीची वेळ आली असेल," म्हणाला. स्वतःची पेन्शन टांगलेली आणि हा माझ्या पोरांची चौकशी करतो.

पण एक गंमत. भात काही लागला नव्हता. वासच नव्हता.

३ एप्रिल, बुधवार

आई ईस्टरच्या आधीच्या पापांच्या कबुलीसाठी चर्चमध्ये जाऊन आली. तिची पापं असून असून किती असणार, पण पाऊण तास रांगेत उभी होती. जेवताना मी तिला साओवालाकबाईंचा प्रश्न सांगितला, म्हणजे तक्रारच केली.

"तू काय लिहिलंस?" आईने विचारलं.

"एका ओळखीच्याचा गैरसमज झाला."

आई घास घ्यायची थांबली. "आज पाद्रीबाबांना एकीने असंच सांगितलं. म्हणे, माझ्या एका मैत्रिणीच्या हातून चूक झाली. बाबा म्हणाले, मग मैत्रिणीला पाठव."

"हे तुला कसं ऐकू आलं?"

"मी रांगेत तिच्या लगेच मागे होते. कान काय घरी ठेवून जाऊ? आणि ऐकलेलं बाहेर सांगितलं, म्हणजे आता मला पुन्हा रांगेत उभं राहायला हवं." मग म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"आई, अंगण खरंच वाकडं आहे!"

"असेल. पण नाचत कोण होतं?"

मी ताट उचललं आणि आत गेले.

६ एप्रिल, शनिवार

साओवालाकबाईंना शेवटी उत्तर लिहायला बसले. ओळखीचा प्रोग्रामर मीच, हे लिहिलं. कुठपर्यंत वाचलं, हे मात्र आठवेना. मला वाटत होतं की मी खालपर्यंत वाचलं असणार आणि त्या 'गतिमान' शब्दाने फसले असणार. खात्री करायला ही वही उघडली.

४ मार्च. 'समाधान वाटलं आणि मी पान बंद केलं.'

माझंच अक्षर. एक वाक्य वाचलं आणि उठले. पुढचं पान सहज उलटलं.

७ मार्च.

तीनदा वाचलं. त्याने मला विचारलं होतं, लाँच बंद पडायच्या नऊ दिवस आधी. चौकीत कॉफी पिता पिता जे त्याला दिसलं ते मला चार महिन्यांत दिसलं नाही, आणि त्याने ते इतक्या सोप्या शब्दांत विचारलं की पानावरच्या कुठल्याच वाक्याला तसं जमलेलं नाही. 'तिकडून नाही गं, इथून.' मी त्याचं ऐकलं नाही आणि घरी येऊन त्याची नक्कल केली.

मला लाज वाटते आहे. इथे लिहायलासुद्धा वाटते आहे.

कार्मेन दारात काय सांगायला आली होती ते आज कळलं. मॅडमसमोर त्याने माझ्याकडे का बघितलं तेही, आणि पोरांच्या फीचं का विचारलं तेही.

उत्तर पाठवलं: 'वाचक मी. पहिल्या वाक्यावर थांबले. एका माणसाने योग्य प्रश्न विचारला होता, तो मी झटकला.' उदाहरणही बदललं. आता त्यात लाँचची यादी आहे. इथून नाव काढायचं आणि तिकडे ते आहे का बघायचं.

९ एप्रिल, मंगळवार

माझं वाक्य पानावर लागलं. जगात कुणीही ते पान उघडलं की आता तळाशी नाही, सगळ्यात वर दिसेल. साओवालाकबाईंनी लिहिलं: 'पहिल्या वाक्यावर थांबणारे आपण सगळेच असतो, म्हणून ते पहिल्यातच हवं होतं. तो प्रश्न विचारणारे गृहस्थ कोण? आम्हाला असा माणूस हवा आहे.'

मी लिहिलं, ते धक्क्यावर तिकिटं देतात. सध्या घरी आहेत.

तीन आठवडे या कागदाची वाट बघत होते. आता तो हातात आहे आणि नुसता तो दाखवून भागणार नाही, हे मलाच कळतं.

११ एप्रिल, गुरुवार

उद्या चौकशी.

खरं तेच लिहिते. संध्याकाळी ७ मार्चचं पान चिमटीत धरून बसले होते. त्या बोलण्याला साक्षीदार नाही. नोंग सांगणार नाही, आणि सांगायचं असतं तर एव्हाना सांगितलं असतं. प्रोग्राम मी एकोणीस तारखेलाच गुपचूप दुरुस्त केला आहे. मी फक्त माहितीपानाचा कागद दाखवला तर कदाचित दोघंही सुटू. कदाचित. आणि नाही सुटलो तर तो जाईल, मी राहीन. या घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नाही.

आई येऊन बघून गेली. जाताना दिवा लावला.

प्रोग्राममधली यादी कितीही वेळा पुसता येते. ही वही तशी नाही. ७ मार्चला मी जशी होते तशीच तिच्यात बसलेली आहे. पान फाडलं नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी आठला चौकशी. मॅडम, त्यांचे वडील, चौकीचा अधिकारी आणि इस्त्रीचा सदरा घातलेला नोंग बेर्तिंग. नांग इसिंगलाही बोलावलं होतं, ती मागे बसली होती.

मी आधी प्रोग्रामचं सांगितलं. 'प्रत दिली' असं पडद्यावर यायचं ते खोटं होतं, ती प्रत नव्हती, चूक माझी. नोंगने सव्वीस वर्षं केलं तेच केलं, प्रत गेल्यावर फळा पुसला. मग वही उघडली आणि ७ मार्चचं पान वाचलं. सगळं वाचलं, नक्कल करून हसले तेही.

मॅडमनी नोंगकडे बघितलं. "हे खरं आहे? तुम्ही हिला विचारलं होतं?"

"मला नाही आठवत असं काही," नोंग म्हणाला.

"नोंग, लिहिलेलं आहे," मी म्हटलं.

"वहीत माणूस काहीही लिहितो."

"कॉफी प्यायला आला होतात तुम्ही त्या दिवशी," चौकीचा अधिकारी मधेच म्हणाला. "मलाही म्हणालात, हे बघा, नावं चालली. मीही म्हटलं, मशीन आहे, असेल काहीतरी." आणि तो आपल्या टोपीकडे बघत बसला.

मग नांग इसिंग उठली. मला वाटलं, आता माझ्या थोबाडीत बसणार. ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तीन तास मी तिला जिथे नव्हती तिथे शोधलं. विसरू नकोस." एवढंच म्हणाली आणि खानावळ उघडायला गेली.

नोंग सोमवारपासून कामावर. पगार तुटणार नाही, पेन्शन शाबूत. माझं काय ते ईस्टरनंतर ठरवणार आहेत. काढलं तर काढलं, असं लिहायचं होतं, पण तसं वाटत नाही. भीती वाटते.

बाहेर आलो तर नोंग पुढे चालायला लागला. मी मागे मागे. नारळवाल्यापाशी थांबून म्हणाला, "हसणार नसशील तर विचारतो, म्हटलं होतं मी."

"हो, नोंग."

"तरी हसलीस."

"हो."

त्याला ते आठवत होतं. अगदी शब्दन् शब्द.

"चल," तो म्हणाला, "कॉफी घेऊ."

चौकीत गेलो. साडेनऊ वाजले होते, सकाळची लाँच समुद्रात होती आणि खिडकीवरची पोरगी एकच्या फेरीसाठी नावं काढत असणार. नोंग कप घेऊन पडद्यासमोर खुर्ची ओढून बसला. पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागला. एक एक करत सगळी वाचली, त्रेसष्ट. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मी शेजारी उभी होते. कॉफी संपेपर्यंत तो वाचत होता. एकही नाव गेलं नाही.